निळ्या ओढणीची आरोळी

मार्गशीर्षातली उतरती उन्हं पठारावर आडवी झाली होती. गवत वाळून पिंगट झालं होतं, आणि त्या पिंगट, कुरकुरीत, क्षितिजाला जाऊन भिडलेल्या एकसुरी विस्तारावर उभ्या होत्या सात पवनचक्क्या. शुभ्रकाय, एकपाद, त्रिबाहू. कुणीतरी तपाला उभ्या करून विसरून गेल्यासारख्या. वारा यायचा, पाती फिरायची. वारा यायचा, पाती फिरायची. त्याखेरीज त्या पठारावर काही म्हणता काही घडायचं नाही.

पाच वाजून गेले की सूर्य चक्क्यांच्या मागे उतरायचा, आणि पात्यांच्या सावल्या कंपनीच्या चार क्वार्टरांवरून फिरू लागायच्या. शेवटच्या क्वार्टरच्या भिंतीवर उजेड, मग सावली. उजेड, मग सावली. त्या उजेड-सावलीत, पश्चिमेच्या खिडकीला टेकून ऋजुता उभी होती. खांद्यावर पाच महिन्यांची मैथिली, आणि खिडकीच्या कट्ट्यावर, लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाईल. घरभर हिंडून पाहिलं तरी रेंज होती ती या वीतभर कट्ट्यावरच.

मैथिली दुपारभर रडून आत्ता कुठे निजली होती. तीही खांद्यावर; खाली ठेवायचा नुसता विचार केला तरी तिला कळायचा. ऋजुता दर दोन मिनिटांनी मान वळवून तिच्या नाकपुडीपाशी गाल न्यायची. ऊबदार, दुधाळ, इवलासा श्वास गालाला लागला की मगच तिचा स्वतःचा श्वास सुटायचा. इअरफोन ड्रॉवरमध्ये गुंता होऊन पडले होते. कान झाकले आणि नेमका तोच एक श्वास चुकला तर? म्हणून कान उघडे, आणि मोबाईल मुका.

साडेचारला हेरंबचा फोन आला होता. तिचा नवरा, या चक्क्यांची दुरुस्ती हे त्याचं काम.

"वर चढतोय गं. सातव्या नंबरची बंद केलीय. जेवलीस का?"

"जेवले." जेवली नव्हती.

"काय? वारा आहे इथे. मोठ्याने बोल की जरा!"

"मैथू निजलीय."

"तू हल्ली फुंकर मारल्यासारखी बोलतेस, ऋजू. ऐकूच येत नाही." तो हसला, आणि वाऱ्याने त्याचं हसू अर्ध्यातूनच नेलं.

खरंच होतं ते. पाच महिन्यांत तिचा आवाज कुजबुजीएवढा उरला होता. भांडं हळू, पाऊल हळू, कडी हळू, खोकला हळू. शब्दांना पायमोजे घालूनच ती त्यांना ओठांबाहेर सोडायची. कधी दुपारच्या निःशब्द, निर्मनुष्य वेळी तिला वाटायचं, मोठ्याने हाक मारायची वेळ आली तर आवाज येईल का आपला? की आतल्या आत तो कुठेतरी विझूनच गेलाय?

पडद्यावर रंग उमलत होते. समुद्रापलीकडच्या एका देशातली, व्हिडिओ गेम बनवणारी खेळ-कंपनी आज वर्षभराचे नवे खेळ जाहीर करत होती. पडद्याच्या कोपऱ्यात बार्शीचे चष्म्याचे दुकानदार, ज्यांना सगळी मराठी खेळाडू मंडळी नुसतं 'काका' म्हणत, टोपी घालून, हातवारे करत प्रत्येक घोषणेवर काहीबाही बोलत होते. ऋजुताला नुसते त्यांचे ओठ दिसत होते. आणि खाली, झऱ्यासारखी झुळझुळत, चारशे अनोळखी माणसांची लिहिती बडबड वाहत होती.

"यंदा पण टांग देणार बघा, काका."

"गप रे! सकाळी नारळ फोडलाय मी."

"आमची आई म्हणते, त्या नावेतनं एकदाचा बाहेर ये आणि पोहे खा."

सगळे थांबले होते एका नावेसाठी. पाच वर्षांपूर्वी त्या खेळाचा पहिला भाग आला होता. जलमग्न नगरीतून जाणारी एक निळी नाव. खेळायचं दोघांनी: एकाच्या हाती वल्हं, दुसऱ्याच्या हाती दिवा. वल्हं मारणाऱ्याला वाट दिसत नाही, दिवा धरणाऱ्याला नाव हलवता येत नाही. खेळ संपतो एका बंद पुलापाशी, आणि पुलापलीकडे काय आहे ते कुणीच पाहिलेलं नाही. तेव्हापासून दर वर्षी या दिवशी माणसं एकेक छोटीशी, चित्रातली नाव त्या वाहत्या बडबडीत सोडत. देवदीपावलीला द्रोणातले दिवे सोडावेत तशी. पाच मिनिटांपूर्वी ऋजुतानेही एक सोडली होती. कुणाच्याही नकळत, एका बोटाने.

तिच्या हाती वल्हं असायचं. दिवा वैजूच्या.

वैजू, वसतिगृहातली, एकाच खाटेवर पाय लांबवून बसणारी, एकाच वाटीतून मॅगी खाणारी वैजयंती. "डावीकडे घे, रेडे, डावीकडे! अजून किती मोठ्ठा दिवा धरू?" असं अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल इतकं खेकसणारी. ती आता फार लांबच्या, फार थंड शहरात होती. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा निरोप यायचा, 'बोलू गं', आणि तो निरोपच काय ते बोलणं असायचं. आज सकाळी ऋजुताने तिला लिहिलं होतं, 'आज आहे. बघतेस?' त्या प्रश्नापुढे अजून एकच फिकट खूण होती, म्हणजे तो पोचलाच नव्हता.

एक घोषणा झाली. दुसरी झाली. सैनिक आले, घोडे आले, मोटारी आल्या, आगीचे लोळ आले. नाव आली नाही. 'पुढच्या वर्षी', 'पुढच्या वर्षी', माणसं लिहू लागली.

मग पडदा काळा झाला. आणि त्या काळोखावर चेहरे उमटू लागले.

कंपनीने जुने चेहरे जमवले होते. सात वर्षांपूर्वी त्या निळ्या नावेची पहिलीवहिली घोषणा झाली, तेव्हा देशोदेशी आनंदाने वेडे झालेले खरे चेहरे. कुणी खुर्चीवरून पडलेला, कुणी कुत्र्याला मिठी मारलेला, कुणी रडणारा. सागरापारचे, सोनकेशी, श्यामवर्णी, सुरकुतलेले. आणि त्यांच्यामध्ये, एका क्षणापुरती, वसतिगृहाच्या पोपडे उडालेल्या भिंतीसमोर, एक मुलगी. निळी ओढणी गळ्यात गुंडाळलेली, दोन्ही मुठी कानांशी, डोळे मिटलेले, आणि तोंड, केवढं तोंड, दिंडीदरवाजासारखं सताड उघडलेलं.

ऋजुता पडद्यावर वाकली.

ती ऋजुताच होती. तो फोन वैजूने धरला होता, आणि तो तुकडा तेव्हा तिनेच जगभर सोडला होता. ती हलणारी चौकट म्हणजे वैजूचं हसणं होतं. चेहरा दिसत होता, आरोळी दिसत होती, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. काचेआड पाऊस पडावा तशी ती मुलगी मूकपणे ओरडत होती. ऋजुताचं बोट आवाजाच्या बटणापाशी गेलं. खांद्यावर मैथिलीने सुस्कारा टाकला. बोट माघारी आलं.

"अरे, ती निळ्या ओढणीवाली! मागे तिथीचं कॅलेंडर होतं भिंतीवर. ही आपल्याकडची आहे!"

"काय ओरडलीय राव, जबडा निखळला असणार."

"कुठे असेल ती आता?"

"कुठे असणार? लग्न, पोरं, कुकरच्या शिट्ट्या. हे सगळं सुटलं असेल तिचं केव्हाच."

उजेड, मग सावली. उजेड, मग सावली. एका हाताने लेकीचं डोकं सावरत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, चुका करत, खोडत, ऋजुताने आयुष्यात पहिल्यांदा त्या वाहत्या पाण्यात एक वाक्य सोडलं.

"मीच ती."

क्षणभर पाणी थांबल्यासारखं वाटलं तिला. कुणीतरी ओळखेल. कुणीतरी म्हणेल, अगं, तू!

"नाही नाही, मीच ती!" एकाने लिहिलं, एवढी मोठी मिशी असलेल्या चित्राआडून.

"चूक. मीच ती. ओढणी धुवायला टाकलीय."

"मीच ती."

"मीच ती!"

"मीच ती मीच ती मीच ती"

आणि बघता बघता तो अख्खा प्रवाह त्याच दोन शब्दांचा झाला. दहा, वीस, शंभर, दोनशे. काकाही पोट धरून हसत होते. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. जत्रेत एकाने शीळ घातली की सगळी जत्रा शीळ घालते, तसंच ते. पण त्या दोनशे खोट्यांच्या गर्दीत एक खरं वर, वर, वर सरकत गेलं आणि पडद्याच्या काठावरून नाहीसं झालं.

"पहिली ताई कोण होती? खरी असशील तर ओरडून दाखव!"

"बाळ झोपलंय," तिने लिहिलं.

"वा! सबब तयार."

"झोपू दे हो ताई," कुणीतरी लिहिलं होतं. कोण ते वाचेपर्यंत तेही वाहून गेलं.

आणि तेवढ्यात चेहरे विझले. काळोख पाण्याचा झाला. पाण्यावर धुकं, धुक्यात पूल. तोच पूल, पाच वर्षं बंद असलेला. तो हळूहळू, गंजल्या साखळ्यांनिशी, वर उचलला जात होता, आणि त्याखालून, नीलवर्णा, कृशांगी, एकाकिनी, ती नाव आली. वल्हं मारणारी एक आकृती मागे बसली होती. पुढच्या टोकाला दिवा होता. दिवा धरणारं कुणी नव्हतं.

चारशे माणसं ओरडली असतील. समुद्रापलीकडे लाखो ओरडली असतील. काकांची टोपी उडाली होती.

ऋजुताच्या पोटातून काहीतरी उठलं, बरगड्यांतून वर आलं, गळ्याशी पोचलं. तिचे डोळे मिटले. तोंड उघडलं, सताड, दिंडीदरवाजासारखं. तेच तोंड, तीच चौकट, सात वर्षांपूर्वीची. पण गळ्याशी आलेलं तिथेच थांबलं. एक हात लेकीच्या पाठीवर, दुसरा खिडकीच्या गजावर, आणि मधे ते उघडं, निःशब्द, काळोखी तोंड. त्यातून वारा तेवढा आत गेला.

तिने डोळे उघडले, तेव्हा दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

मैथिली जागी झाली होती. रडत नव्हती. खांद्यावरून मान मागे घेऊन, वीतभर अंतरावरून, आईचं ते अजब, अनोळखी, उघडं तोंड ती निरखत होती. गंभीरपणे, बारकाईने, पहिल्यांदाच काही महत्त्वाचं पाहत असल्यासारखी. मग तिचे ओठ विलग झाले. इवलं, गुलाबी, बिनदातांचं तोंड गोल होत, गोल होत, तिने ते आईच्या तोंडासारखं सताड उघडलं.

आणि ती ओरडली.

रडणं नव्हतं ते. भूक नव्हती, पोटदुखी नव्हती. नुसती आरोळी, उंच, लखलखीत, बेभान. खिडकीच्या काचा शहारल्या. ऋजुताने तो आवाज ओळखला. त्या पोपडे उडालेल्या भिंतीसमोर सात वर्षांपूर्वी जो सांडला होता, आणि मघाशी काचेआड दिसला पण ऐकू आला नव्हता, तोच.

आणि मग तिच्याही गळ्याशी अडलेलं सुटलं. आधी खरखरीत, गंजल्या साखळीसारखं; मग मोकळं. खिडकीतून दोन आरोळ्या एकदम बाहेर पडल्या, एक मोठी, एक छोटी, आणि पिंगट गवतावरून धावत सुटल्या.

तिने मोबाईलकडे पाहिलं. रेंज गेली होती. पडदा गोठला होता, आणि गोठलेल्या पाण्यात शेवटचं वाक्य तरंगत होतं: मीच ती. कुणाचं, कोण जाणे. 'ओरडून दाखव' म्हणणारे कधीचे पुढे निघून गेले होते. वैजूला पाठवलेल्या निरोपापुढे अजून एकच फिकट खूण होती. दूर, सातव्या चक्कीच्या माथ्यावर, मुंगीएवढा एक माणूस हत्यारं आवरत होता. त्याच्या कानाशी वारा होता, त्याने मान वळवली नाही.

लेक पुन्हा तोंडाकडे बघत होती, अजून एकदा, म्हणून.

ऋजुता पुन्हा ओरडली. लेक ओरडली. ऐकायला पठार होतं.

माथ्यावरचा माणूस खाली उतरला, आणि उन्हाच्या अगदी शेवटच्या काठावर, थांबलेल्या सातव्या चक्कीचं पातं हललं. आळसावलं, डगमगलं, फिरू लागलं. त्याची लांबच लांब सावली गवतावरून आली, अंगण ओलांडून आली, खिडकीतल्या दोघींच्या उघड्या तोंडांवरून एकदा सावकाश फिरली. उजेड, मग सावली. उजेड, मग सावली. मग उजेडही नाही, सावलीही नाही. नुसता वारा.