सोळा पावलं

पाणी मारलेल्या वाळूतून अनवाणी पावलांचा ओला, दबका नाद आला, की समजावं, सौदीतल्या अल खर्जच्या आमच्या तबेल्यात उजाडलं. इब्राहिमचाचा एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजत असत. सोळा. हात पाठीशी, मान किंचित डावीकडे कललेली, ओठांवर अंकांचं अस्फुट पुटपुटणं. पूर्वेचा ताम्रवर्ण प्रकाश त्या मूठभर देहावर पडला, की साठीतला हा माणूस विशीतला वाटे. विशीतच तर ते श्रीवर्धनहून इथे आले होते, घोडे धुवायला. वजन कमी म्हणून कुणीतरी घोड्यावर बसवलं, आणि पुढची चाळीस वर्षं ते उतरलेच नाहीत. अडथळ्यांवरून झेपावणारे कितीतरी घोडे त्यांनी घडवले. चषक कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, दिवाणखान्यात गेले, मोडलेली हाडं चाचांकडे राहिली. जेवण म्हणाल तर अर्धी खुबूस रोटी नि काळा चहा. "पोट भरला तं घोड्याला वजन कलतं, डॉक्टर," म्हणत.

मी तिथला घोड्यांचा डॉक्टर, सांगलीचा. एकदा डावीकडून चहाचा पेला पुढे केला, तो त्यांना दिसलाच नाही. डावा डोळा पार विझला होता, उजव्यातही धुकं दाटलेलं. उडीची जागा ते पाहत नव्हतेच; पावलं मोजून, टापा ऐकून ते ती ओळखत होते.

"कोनाला बोलू नका," ते म्हणाले. "कफीलला कललं तं इकामा खलास, गावाला धाडल. घोड्याबिगर मी काय करू, सांगा?"

मी कफीलला काहीच कळू दिलं नाही. त्या गप्प बसण्याला मी माया म्हणत होतो.

त्या सकाळी चाचा अंतर मोजून खोगीर चढवायला गेले. कबरी घोडी नुकतीच पायाच्या दुखण्यातून उठली होती. तिला लांब झेपेचा ताण नको म्हणून मी दुसरा अडथळा पाऊलभर अलीकडे, पहिल्याजवळ घ्यायला लावला. चाचांना सांगायचं मनात होतंच, तेवढ्यात फोन वाजला. औषधवाल्याचा, अगदी फालतू. पाठमोरा बोलत असताना टापा ऐकल्या, पहिली उडी ऐकली, आणि मग लाकूड मोडल्याचा आवाज.

घोडी उठली. चाचा उठले नाहीत.

इस्पितळात कफीलने विचारलं, तेव्हा ते अरबीत एवढंच म्हणाले, की घोडीचा दोष नाही, माझाच अंदाज चुकला. मग मान वळवून त्यांनी माझ्या दिशेने पाहिलं. बोलायची तीच वेळ होती, आणि मी बोललो नाही. इतका भेकड निघालो मी!

आता ते श्रीवर्धनला खाटेवर असतात. कमरेखालचा देह निश्चल, डोळ्यांत पुरता अंधार. परवा त्यांचा फोन आला. समुद्राची गाज मागे ऐकू येत होती.

"घोडी बरी हाय ना? उडते?"

"उडते, चाचा."

मग अगदी हळू, रागाचा लवलेश नसलेला आवाज: "अंतर सोलाच ठेवा हां, डॉक्टर. त्या दिवशी पंधरा होता."

अडथळा केव्हाच जागेवर गेला आहे. रोज पहाटे मी अनवाणी चालून मोजतो. सोळा पुरे भरतात. काळ सगळं भरून काढतो म्हणतात. ते एक पाऊल मात्र त्याला अजून भरता आलेलं नाही.