हळकुंडाच्या बदल्यात डबा

स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि गरगरत राहिलं. तोवर घर कसं गप्प होतं. माझी लेक अक्षरा झोपली होती आणि मी श्वास रोखून यंत्राचा हात पुढे सरकवत होते. हात अरबी समुद्राच्या तळाशी, मी राजाजीनगरला आमच्या घराच्या हॉलमध्ये. मी दचकले, आणि तिकडे दोन किलोमीटर खाली चिमटा पितळी डब्यावरून घसरला.

"शाल्मली, पुन्हा?" स्पीकरवरून श्रीवत्स म्हणाला. तो माझा साहेब, वर बोटीवर बसलेला. "संध्याकाळी आम्ही निघणार. डबा नाही आला तर तुम्हाला कामावर ठेवा म्हणून मी कंपनीला कुठल्या तोंडानं सांगू?"

बुडालेल्या जहाजातून ताटं, तांबे, एक पोळपाटसुद्धा मी वर काढला होता. नोकरी अडकली ती या डब्यापाशी.

सासूबाई झाकण हातात घेऊनच आल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कुणाचा गं डबा?"

"जहाजावरच्या लोकांचा, आई. बुडून शंभर वर्षं झाली त्यांना."

"म्हणजे दुसऱ्याचा. आणि तू रिकाम्या हातानं मागायला गेलीस? कसे देतील?"

"तिथे कुणी नाहीये हो."

"घरी कुणी नसलं की भांडं उचलून आणायचं? बरंय बाई तुमचं पुण्याकडचं!"

माईक बंद करायचा राहिलाच होता. श्रीवत्स चामराजपेटचा, सासूबाईंसारखाच कानडी. हळूच म्हणाला, "अक्कांचं बरोबर आहे. चिमटा बदलायला यंत्र वर घेतोच आहे. स्वल्प साखर ठेवू?"

"विरघळेल," सासूबाई म्हणाल्या.

"नारळ?"

"तरंगेल. हळकुंड ठेव रे अण्णा."

बोटीवरच्या स्वयंपाकघरात बोटभर लांबीची हळकुंडं सापडली. एक ठेवायचं की दोन, असं कप्तानाने श्रीवत्सकरवी विचारलं.

"जोडी!" सासूबाई कडाडल्या.

यंत्र पुन्हा खाली गेलं. डब्याशेजारच्या गाळात मी दोन्ही हळकुंडं रोवली. सासूबाई पदर सावरून पडद्यापुढे उभ्या राहिल्या, कुणाच्या दारात उभं राहावं तशा. "नेतो हं आम्ही," म्हणाल्या.

नव्या चिमट्यात डबा अलगद सुटून आला.

"वाचलात!" श्रीवत्स ओरडला. मागे सगळी बोट टाळ्या पिटत होती.

त्या गोंगाटाने अक्षरा उठली आणि विस्कटलेल्या केसांनी माझ्या मांडीत येऊन बसली. अंधारातून वर वर येणारा डबा तिने बराच वेळ पाहिला.

"अम्मा, जहाजातल्या लोकांचा डबा समुद्रातच राहिला, तर त्यांच्या बाळानं मग काय खाल्लं?"