मनुबाईला बोलतं ठेवा

सुमतीने ऑपरेशनच्या टेबलावरच्या हिरव्या कापडाच्या आडोशात डोकं घातलं आणि मनुबाईच्या कानाशी विचारलं, "आज पाटीत काय काय आणलंय?"

"पापलेट हाय, कोलंबी हाय, बोंबील हान. बोल बाय, काय देवू?"

जीभ किंचित जड होती, पण शब्द नीट येत होते. मनुबाईने उजव्या मुठीतलं रबरी बदक सांगितल्याप्रमाणे दाबलं आणि ते चीं करून ओरडलं. पंधरा दिवसांपूर्वी मासे कापताना त्याच हातातून कोयता गळून पडला होता, आणि ठाण्याचा बाजार आवाजाने दणाणून सोडणारी ही कोळीण दोन दिवस मुकी झाली होती.

मानेतली, मेंदूला रक्त नेणारी डावी धमनी आतून चोंदली होती. ती साफ करायची तर काही वेळ बंद ठेवणं आलं. सर्जन डॉक्टर गुप्त्यांना पेशंट गाढ झोपलेला हवा होता. भूल देणारी सुमती मात्र अडून बसली होती.

"फक्त मान बधिर करू. बाई जाग्या असल्या तर रक्त कमी पडताच वाचा नाहीतर उजवा हात थांबेल, लगेच कळेल. झोपवल्यावर ते सांगणारं यंत्र आपल्याकडे आहे कुठे?"

ते १९९३ साल होतं, यंत्र नव्हतंच. गुप्ते तयार झाले, पण तोंड वाकडं करूनच.

"धमनीला चिमटा लावतोय," आता ते म्हणाले. "बोलतं ठेवा."

घाईत जे सुचलं ते सुमती बोलून गेली. "हे पापलेट कालचं वाटतंय हो."

उत्तर नाही.

"मनुबाई? बदक दाबा."

बदकही गप्प.

"गेली वाचा!" गुप्ते कडाडले. "नळी द्या, रक्ताला दुसरी वाट करतो. सांगत होतो मी!"

नळी सरकवताना आतला एखादा कण सुटून मेंदूत गेला, तर बाई कायमच्या मुक्या. नळी घातली नाही आणि खरोखरच रक्त पोचत नसेल, तरीही तेच. सुमतीने वाकून मनुबाईच्या हाताकडे पाहिलं.

मनुबाईने बदक बाजूला ठेवलं होतं आणि त्याच उजव्या हाताने चादरीचं टोक ओढून ती ते बदक नीट झाकत होती. ओठ घट्ट मिटलेले, नजर दुसरीकडे. सुमती ठाण्यातच वाढलेली, वडिलांबरोबर बाजार केलेली. कोळीण भांडली तर निभावतं. पण तिने पाटी झाकली, की त्या गिऱ्हाइकाशी बोलणंच संपलं.

"थांबा सर! दहा सेकंद." ती पुन्हा कापडाआड वाकली. "मावशी, चुकलं माझं. कल्ले न बघताच बोलले. फडफडीत ताजं आहे."

मग जो आवाज उठला, तो बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, धाकूलाही ऐकू गेला.

"माज्या पाटीन शिला म्हावरा? तीस वरसां बाजारान बसतंय मी! डोले हान का बटना?"

पाठोपाठ बदक तीनदा ओरडलं.

गुप्त्यांनी नळी ट्रेमध्ये परत ठेवली. पुढे धमनी साफ होऊन चिमटा निघेपर्यंत मनुबाईच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. शिव्या खाताना इतका आनंद सुमतीला आयुष्यात झाला नव्हता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.

ऑपरेशन संपल्यावर गुप्ते हात धूत होते.

"मंगळवारी कल्याणचे एक मास्तर आहेत," नळ बंद करत ते म्हणाले. "त्यांनाही जागंच ठेवू. फक्त कुठला विषय शिकवायचे, ते आधी विचारून ठेवा."