सातऱ्यावरचा ठसका

माघातले कोवळे ऊन वैनगंगेच्या पाण्यावरून चालत सातऱ्यावर, मिरची वाळवायच्या त्या मोकळ्या पटांगणावर आले आणि तांबडे झाले. जिकडे पाहावे तिकडे वाळत घातलेली मिरची. रक्तवर्णा, अग्निवर्णा, क्षितिजापर्यंत पसरलेली मिरची. वाटसरू थांबत, किती सुंदर म्हणत, आणि नाकाला रुमाल लावून निघून जात.

त्या सौंदर्यात पारबताबाईचे अर्धे आयुष्य बसून गेले होते. देठ खुडायचे, ढीग घालायचे, तळाशी उरलेला बियांचा भुसा सुपाने पाखडायचा. त्याची दाहक, सूक्ष्म धूळ श्वासातून आत जाई, उरात घर करी, आणि रात्रभर खोकल्याच्या रूपाने बोलत राही. तिची जाऊ कौसल्या त्या खोकल्यातच गेली. मालक म्हणाला, तंबाखूने गेली. कौसल्येने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

आणि आता सून. ललिता, नवी नवरी, हळद उतरून महिनाही झाला नव्हता, तोच सातऱ्यावर देठ खुडायला आली होती. काल संध्याकाळी तिला ठसका लागला तो थांबेचना. पारबता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता.

आज तपासणीचे डॉक्टर येणार होते. त्या दिवशीची सातऱ्याची रीत ठरलेली. पाखडणे बंद, जमिनीवर पाण्याचा सडा, तरण्याताठ्या बाया ओळीने बसवलेल्या. आणि खोकणाऱ्या बायांना भरपगारी सुट्टी. त्या नदीकाठी बसून पोटभर खोकत. इकडे डॉक्टर सगळे निरोगी म्हणून लिहीत आणि जात. पारबताही दरवर्षी नदीवर जाई.

"पारबताबाई, निघा आता," दिवाणजी म्हणाला.

"नाई जात मी."

"काहून? रोजी तं भेटतेच ना!"

"रोजी ठेवा तुमाले. मले डाक्टरले सांगाचं हाय."

डॉक्टर आले, शुभ्रवस्त्र, घाईत. शेजारी मालक, हसतमुख. कुणाला खोकला आहे का, त्यांनी विचारले. पारबता उभी राहिली. "मले हाय."

"खोकून दाखवा."

आणि जन्मभर न बोलावता आलेला तो मेला खोकला नेमका तेव्हा आला नाही. सडा शिंपलेली हवा थंड होती, गोड होती. छाती कशी शहाण्या लेकरासारखी गप्प बसली. मालक मोठ्याने हसला. डॉक्टर पुढे निघाले.

पारबताचे डोके भडकले. तिने ललिताला हाताला धरून वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन बसवले. मग ताडपत्रीखाली दडवलेला भुसा सुपात भरला, आणि पाखडू लागली. रोजच्यासारखी, कमरेतून, तालात. फट् फट्. फट् फट्.

तांबडा मेघ उठला. उन्हावर चढला, शुभ्र बाहीवर उतरला, मालकाच्या उघड्या हसण्यात शिरला. आधी दिवाणजी खोकला, मग मालक, मग डॉक्टर, गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांतून धारा गाळत. "बंद कर!" मालक ओरडू पाहत होता, पण दर वेळी शब्दाआधी ठसकाच बाहेर येई.

आता पारबताचाही खोकला आला. कौसल्येचा होता तसाच, खोल, फाटका, बरगड्या हलवणारा. तरी सूप थांबले नाही. घरोघरी दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका लागला, की दृष्ट नव्हती म्हणतात. ते आठवून ती खोकता खोकता हसली.

"बरं झालं सायेब, ठसका आला. तुमाले नजर नाई लागली. आता आमच्या छातीत काय हाय, ते पाहा अन् लिवा!"

डॉक्टरांनी डोळे पुसले. कानांत नळी घातली, आणि तिच्या हलत्या पाठीवर टेकवली. ते बराच वेळ ऐकत राहिले. मालक काही सांगू लागला, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला गप्प केले.

पारबताचा खोकला नदीपर्यंत गेला होता. तिथल्या बाया उठल्या. एकेक करून काठ चढून आल्या, तांबड्या धुळीतून, तांबड्या उन्हातून. आणि इतकी वर्षे तोंडाशी धरलेला पदर खाली सोडून, मोठमोठ्याने, मोकळ्याने खोकत आल्या.