नांदगाव आधी की नागपूर

"मधे थांबे किती?" हिरामणनं विचारलं.

"आप्पा, विमान आहे ते! एकपण नाही." रोहिणीनं डब्यातल्या दोनच दशम्या काढून घेतल्या आणि बाकीचा डबा आईच्या हातात परत दिला. "आई, पावणेदोन तासांत किती खाऊ गं?" मग ती ओझर विमानतळाच्या काचेच्या दारातून आत गेली.

तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या हिरामणला हे काही पटेना. थांबाच नाही? एखादीला चांदवडला उतरून माघारी यावंसं वाटलं तर?

पण बोलायची सोय नव्हती. पोरीला नागपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून धाडायचा घाट त्याचाच. बायको, ठमाबाई, अडून बसली होती. "लय लांब हाय." तेव्हा या गड्यानं पैज लावली, "हवेतनं साडेपाचशे किलोमीटर! आपण नांदगावला घरी पोचायच्या आत पोरगी नागपुरात उतरंल. नाय उतरली तर आठ दिवसांत माघारी आणतो. तुझी शप्पथ."

"माझी नको. सोताची घ्या."

हिशेब पक्का कंडक्टरचा होता. रोहिणी पाऊणला उतरणार, हे दोघं एकला घरी.

ओझर फाट्यावर त्यानं पान लावून घेतलं, बस धरली. पिंपळगाव गेलं आणि मोबाईलवर पोरीचा मेसेज आला, 'विमान पाऊण तास लेट.' विंचू धरावा तसा त्यानं मोबाईल खिशात टाकला.

चांदवडला पोट धरून उतरला. "गडबड झाली गं. ही गाडी जाऊ दे."

दुसऱ्या गाडीनं मनमाडला आले, तर त्याचा गुडघा धरला.

"सकाळी तर पोरीची बॅग घेऊन पळत होता," ठमाबाई म्हणाली.

तेवढ्यात नांदगावची गाडी लागली. कंडक्टर झुंबर, हिरामणच्याच हाताखाली शिकलेला. "आप्पा, या! वैनी, खिडकीची जागा धरलीय!"

झालं. आता कुठला अवयव दुखवायचा? ज्यानं हयातीत गाडी दोन मिनिटं उशिरा सोडली नाही, तो दारात घुटमळत उभा राहिला.

मागं ठमाबाई बाकावर बसली. "मला चहा पायजे."

"अगं, गाडी सुटंल!"

"सुटू द्या."

"आन पैज?"

"तुमचं पोट आन गुडघा मिळून पाऊण तास कसा निघायचा?"

हिरामणचा हात खिशातल्या मोबाईलवर गेला.

"फाट्यावर तुम्ही पानाला गेलता, तवाच तिचा फोन आला मला. लेट हाय म्हनली, पर बोलत व्हती लय खुशीत."

"मंग बोलली का नाय?"

ठमाबाईनं डब्याचं फडकं सोडून बाकावर पसरलं.

"आप्पा, सोडू का?" झुंबरनं हाक दिली.

हिरामणनं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी गेली. तो येऊन बसला. दोघांच्या मधे दशम्या, शेजारी मोबाईल. चहा निवला तरी कुणी कपाला हात लावला नाही.

मग मोबाईल वाजला.

"उचला," ठमाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "जिंकलात तुम्ही."

हिरामणच्या तोंडात दशमीचा घास तसाच राहिला. बोट काही हिरव्या खुणेवर पडेना.