कारणासहित वजा एक

माझी कीव केलेली मला खपत नाही. शिव्या घाला, हरकत नाही, शिवीला उलट उत्तर देता येतं. पण ‘सुलभा, तू आम्हा सगळ्यांची प्रेरणा आहेस’ असं कोणी लिहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या मंगळवारी सकाळी चहा पिता पिता मी असली एकोणीस वाक्यं ऐकली. प्रत्येकापुढे हार्ट. माझा कॉम्प्युटर हार्टसुद्धा वाचून दाखवतो. “रेड हार्ट, रेड हार्ट, रेड हार्ट.” शेवटी मी त्याच्यावर ओरडले, “पुरे रे बाबा!”

ऐकली म्हणते, कारण मी वाचत नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग कामातून गेला. आता कडेकडेने दिसतं. ताटातली कोशिंबीर दिसते, पोळी दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचणारा एक प्रोग्रॅम आहे, तो मी इतक्या वेगात लावते की पाहुण्यांना वाटतं मशीन बिघडलंय. मॉनिटर बंदच असतो. तो पाहुण्यांसाठी, कपाटातल्या चांगल्या कपबश्यांसारखा.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत राहून तीस वर्षं मी एका टेलिफोन कंपनीत प्रोग्रॅमर होते. रिटायर झाले आणि हेरनमध्ये शिरले. हेरन हे ब्लॉग लिहिण्याचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, आणि जगभरातले लोक मिळून ते बनवतात. कोणी कोड लिहितं, कोणी भाषांतर करतं, कोणी नवख्यांच्या तक्रारी निस्तरतं. लोगोवर एक बगळा आहे, म्हणून मी त्याला बगळाच म्हणते. बगळ्याचं मराठी भाषांतर माझं. माऊस न लावता नुसत्या कीबोर्डवर तो चालवायची सोयही माझीच. अकरा वर्षं घासल्यावर ज्यांच्या मताला वजन आहे अशा बारा जणांत त्यांनी मला घेतलं. फुकटात नाही घेतलं.

आता आमचा नियम ऐका. मोठा बदल करायचा तर बगळ्यावरच चालणाऱ्या आमच्या ब्लॉगवर प्रस्ताव मांडायचा, उत्तरंही तिथेच लिहायची. सात दिवसांत बारांपैकी कोणीच हरकत घेतली नाही, तर बदल झाला. कोणी एकाने जरी ‘वजा एक’ लिहिलं, तरी थांबला. पण वजा एकला तांत्रिक कारण लागतं. कारणाला समोरच्याने नीट उत्तर दिलं की तो वजा एक बाद.

प्रस्ताव होता ‘जुनी चौकट काढून टाकणे.’ जुनी चौकट म्हणजे बगळ्यातला पहिलावहिला एडिटर. एक कोरा चौकोन. कीबोर्डच्या तीन कळा एकदम दाबायच्या, आत जायचं, लिहायचं, प्रसिद्ध करायचं. संपलं. नवा एडिटर फार देखणा आहे म्हणे. परिच्छेद म्हणजे ठोकळा, फोटो म्हणजे ठोकळा, ठोकळे उचलून हवे तिथे सरकवायचे. माझा प्रोग्रॅम त्यात शिरला की नुसतं ‘बटण, बटण, बटण’ करत सुटतो. प्रस्तावात लिहिलं होतं की जुनी चौकट वापरणारे शेकडा एकही उरलेले नाहीत, तेव्हा दोन दोन एडिटर सांभाळायचे कशाला? खाली नाव होतं अवधूत. माझा मुलगा.

बगळ्यावर वेबसाइटी चालवणारी एक कंपनी आहे, ती त्याला याच कामाचा पगार देते. नवा एडिटर त्याचा. दोन वर्षं खपलाय बिचारा. मी कारण लिहिलं, ‘नवा एडिटर कानाने वापरता येत नाही,’ आणि वर वजा एक. तेव्हाची ती हार्टं.

दुपारी त्याचा फोन आला. “आई, तू पब्लिकमध्ये कशाला? मला सांगायचंस ना!”

“तू प्रस्ताव कुठे मांडलास? माझ्या स्वयंपाकघरात?”

“अगं, तुझी सोय मी करणार आहे ना. दर रविवारी येतोच मी. तू सांग, मी टाइप करतो.”

इथेच तर सगळं अडलं होतं. माझा ब्लॉग आहे, तीनशे वाचक, त्यातले निम्मे माझ्याशी भांडायला येतात. इथल्या मराठी मंडळाची नाटकं, टाउनशिपने न उचललेली पानं, दुकानातली शिळी कोथिंबीर, जे डोक्यात जाईल ते मी लिहिते. डोळे गेले त्या वर्षी, हा वाचणारा प्रोग्रॅम शिकायच्या आधी, मी अवधूतला सांगून लिहून घ्यायची. मंडळाच्या कमिटीने एकदा नाटकाच्या मधोमध लकी ड्रॉ काढला होता. मी सांगितलं, ‘हा शुद्ध मूर्खपणा आहे.’ वाचकांपुढे गेलं, ‘हे कदाचित टाळता आलं असतं.’ विचारलं तर म्हणतो, लोक दुखावतात आई. अरे, दुखावायलाच लिहिलं होतं! जुनी चौकट गेली तर माझं तोंड पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाणार होतं. मुलाच्या का असेना, दुसऱ्याच्याच.

“माझं मी लिहीन,” म्हटलं आणि फोन ठेवला.

गुरुवारी विक्रमचा व्हिडिओ कॉल. हा प्रोजेक्टचा लीड, तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला असतो, मूळचा नागपूरचा. मुलगा वाईट नाही.

“काकू, इमोशनली मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.”

“मग व्यवहारात कुठे आहेस?”

तो हसला. “यार काकू, रूल तुम्हाला माहितीये. तुमच्या कारणाला उत्तर दिलं गेलंय. कानाने वापरायची सोय फेज टूमध्ये आहे. कामांच्या यादीत तिकीट ओपन केलंय.”

“फेज टू कधी?”

“रोडमॅपवर आहे.”

“मी अडुसष्ट वर्षांची आहे, विक्रम. माझ्या रोडमॅपवर काय आहे ते मला ठाऊक आहे.”

तो म्हणाला, “वापर शेकडा एकही नाही, काकू. तुमच्यासाठी वेगळं काहीतरी अरेंज करू, प्रॉमिस. आणि आपल्या हेरनच्या ब्लॉगवर तुमच्यावर एक मस्त लेख टाकू, फोटोसकट.”

“फोटो नको. चौकट ठेवा.”

“मग मला सोमवारपर्यंत दुसरं कारण द्या. आकडा चुकीचा असेल तर गोष्ट वेगळी.”

हे तो मला गप्प करायला बोलला होता. पण मला तेवढंच पुरलं. बगळ्यात प्रत्येकाला आपापल्या साइटचा रिपोर्ट बघता येतो. मी माझा उघडला. ऑक्टोबरमध्ये मी चौदा लेख लिहिले होते, सगळेच्या सगळे जुन्या चौकटीत. रिपोर्ट वाचला गेला, ‘जुन्या चौकटीचा वापर, शून्य.’ मला वाटलं कान फुटले. पुन्हा ऐकलं. शून्य.

म्हणजे मी नव्हतेच.

मग मी बसलेच. शुक्रवारची डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली, मंडळाच्या नीलाचा फोन उचलला नाही, दोन दिवस वरणभातावर राहून कोड ऐकत बसले. ओळीमागून ओळ. शनिवारी सकाळी सापडलं. जुन्या चौकटीकडे न्यायला स्क्रीनवर एक बटण आहे. ते माऊसने दाबलं, तरच एक मोजायचा. तीन कळा दाबून जो आत जातो, तो मोजायचाच नाही. नऊ वर्षांत मी माऊसला हात लावलेला नाही. माझ्यासारखे आंधळे, हात थरथरतात म्हणून माऊस न झेपणारे, ज्यांच्यासाठी मी ती वाट बांधली, त्यातला एकही माणूस गणतीत नव्हता. आमची डोकी न मोजता आम्ही नाही असं ठरवलं होतं!

प्रत्येक ओळ कोणी लिहिली त्याची नोंद असते. मी नोंद ऐकली. अवधूतची.

मला रडू आलं. दुःखाने नव्हे, संतापाने. दर रविवारी हा पोरगा माझ्या मागे उभा राहून मला लिहिताना बघतो. “आई, काय स्पीड आहे तुझा!” म्हणतो. आणि मोजायची वेळ आली तेव्हा माऊस धरणारी माणसंच आठवली त्याला. मुद्दाम केलं नसणार. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्याला आधी फोन करावा का? हात गेला होता फोनकडे. मग म्हटलं, का? प्रस्ताव सगळ्यांपुढे, उत्तरही सगळ्यांपुढे. मी लिहिलं, ‘वजा एक कायम. कारण, प्रस्तावातला आकडा चुकीचा आहे.’ ओळीचा नंबर दिला, माझे चौदा लेख दिले, माझं शून्य दिलं. नाव कोणाचंच घेतलं नाही. पण नोंद उघडली की नाव दिसतंच. तासाभरात ब्राझीलमधला एक आणि कॅनडातली एक, दोघांनी आपापली शून्यं आणून टाकली. या वेळेला हार्ट एकही नाही. जिवाला बरं वाटलं.

रविवारी अवधूत आला तो बूटसुद्धा न काढता आत.

“एक फोन करता आला नाही तुला? माझ्या डिरेक्टरने मेसेज केला, ‘इज दॅट युअर मॉम?’ म्हणून. महिन्याने माझं प्रमोशन आहे, आई!”

“बूट काढ.”

“सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस.”

“तू मला शून्य केलंस, तेव्हा माझी नाही गेली?”

“अगं, चूक झाली! मोजायचं दुरुस्त करतो ना. पण एडिटर चांगला आहे माझा. तू एकदा नीट शिकलीस तर तुलाही जमेल. तू हट्टाने शिकत नाहीस.”

हट्टाने! सात भाषांमध्ये कोड लिहिलेल्या बाईला हा सांगतोय. मी खुर्ची ओढली.

“बस इथे. मॉनिटरला हात लावायचा नाही. तुझ्या एडिटरमध्ये एक ओळ लिही आणि प्रसिद्ध कर. वाटेल ती ओळ.”

“मी बनवलाय तो, आई. पाच मिनिटांचं काम आहे.”

“मग पाच मिनिटांत जेवायला बसू.”

प्रोग्रॅमचा वेग मी त्याच्यासाठी पार कमी केला. तो बसला. “बटण,” मशीन म्हणालं. “बटण. ठोकळा जोडा. बटण. नाव नसलेलं बटण.” त्याने काहीतरी दाबलं. “फोटो निवडा.” परत दाबलं. “बटण.” जरा वेळाने तो भराभर टाइप करायला लागला, मला वाटलं जमलं याला. मशीन म्हणालं, “शोधा, काहीही सापडलं नाही.” ओळ शोधायच्या खिडकीत गेली होती. तो पुन्हा पहिल्यापासून निघाला. खुर्ची कुरकुरत होती, श्वास ऐकू येत होता. एकदा त्याने टेबलावर मूठ आपटली.

“आई, मी आहे कुठे?”

“मला काय विचारतोस? एडिटर तुझा.”

दया आली नाही असं नाही. आली, पोटचा गोळा आहे तो. लहानपणी गणित अडलं की असाच पाय हलवायचा. पण मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले.

“बटण,” मशीन म्हणालं. “बटण. नाव नसलेलं बटण.”

“बाहेरच पडता येत नाहीये मला.” त्याचा आवाज बारीक झाला होता. “आई, प्लीज, स्क्रीन लाव ना.”

“लावते. माझी कोण लावणार, तेवढं सांग.”

मी वाट बघितली. मॉनिटरचं बटण त्याच्या हाताशीच होतं, त्याने ते दाबलं नाही. मग सगळं बंद केलं, नव्याने उघडलं, आणि तीन कळा एकदम दाबल्याचा आवाज आला. “कोरी चौकट,” मशीन म्हणालं. त्याची बोटं चालायला लागली. हळू, चुकत, खोडत. पण थांबली नाहीत.

मी जाऊन वरण गरम करायला लावलं. मागून मशीनने, माझ्या वेगापुढे अगदी गोगलगायीच्या चालीने, त्याने प्रस्तावाखाली काय टाकलं ते वाचून दाखवलं.

“अवधूत. प्रस्ताव रद्द करत आहे. कारण, स्क्रीन बंद ठेवून मला माझ्याच एडिटरमध्ये एक ओळ लिहिता आली नाही. चाळीस मिनिटं प्रयत्न केला. हे जुन्या चौकटीतून लिहीत आहे.”

बावीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ ऐकलं होतं. पण त्याचं वाक्य मी बदलायला सांगितलं नाही.