उपास सुटला त्या संध्याकाळचं सॉसेज

सॉसेज उकळून मार्लेनने खारट, चरबट पाणी ओतून दिलं, गोल काप केले आणि कढईत टाकले. एरवी या वासाने तिला कोण आनंद व्हायचा! आज तिने तोंड फिरवलं.

आत रुदी, तिचा मुलगा, पायांना पट्ट्या बांधून बसला होता. काल बेटावरच्या सँ-आंद्रे गावातल्या तमिळ देवळात तो निखाऱ्यांवरून चालला होता. मार्लेनचं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा तो पांडियाले आईला, म्हणजे द्रौपदीला, नवस बोलला होता. नवस फेडणाऱ्याबरोबर उपासाचे दिवस सगळं घर मांसाला शिवत नाही; कोणी शिवलं तर चालणाऱ्याचे पाय भाजतात, असं मानतात. बाकीचे हसतमुखाने निखारे ओलांडून गेले. रुदीचे तळवे मात्र फोडांनी भरले.

मार्लेनला कारण ठाऊक होतं. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण. उपासाच्या दिवसांतच तिथे सॉसेज शिजलं आणि मीठ बघायला हात सवयीने तोंडाशी गेला. पहिला तुकडा सवयीचा, हे देवीलाही पटलं असतं. पण दुसरा? दुसरा जिभेने मागितला आणि तिने दिला. भिंतीकडे तोंड करून, चाटूनपुसून खाल्ला मेलीने!

तिने कांदा घातला, टोमॅटो चेचून घातले, आलं, हळद आणि मूठभर हिरव्या मिरच्या. रस्सा रटरटायला लागला. चव बघायला चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला. या तोंडाने कशाची चव बघायची?

उपास सुटल्यावर आईच्या हातचं सॉसेजच खाणार, असं रुदीने आधीच बजावलं होतं. ताटं वाढली. पहिला घास जातोय न जातोय तोच ज्योर्जेत आत्याने, म्हणजे मार्लेनच्या नणंदेने, तोंड उघडलं. ही बाई देवाधर्माच्या बाबतीत नाकाने कांदे सोलणारी.

"पाय उगाच भाजत नाहीत, बरं का! या घरात कोणीतरी तोंड मारलंय."

"वन्सं, जेवताना कशाला?" मार्लेन पुटपुटली. चोराच्या मनात चांदणं!

"का? ज्यांच्या घरी हे रीतिरिवाज नाहीत, त्यांना काय कळणार उपासाचं!" आत्याने मान वळवली ती थेट कोरालीकडे. रुदीची बायको. मार्लेनची सून, डोंगरापलीकडच्या गोऱ्या घरातून आलेली.

 रुदीनेही कोरालीकडे पाहिलं. अगदी आत्यासारखंच.

कोरालीने घास ताटात टाकला. "हो, मीच खाल्लं. झालं समाधान?"

"बघ! मी म्हणत नव्हते?" आत्याने टाळीच वाजवली.

 गप्प राहिलं तर मार्लेनची सुटका होती, कायमची. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हायसं वाटलंसुद्धा. त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी किळस आली की ती उठून उभी राहिली.

"खोटं बोलतेय ती. मी खाल्लं. शाळेत. एकदा चुकून, एकदा हावरटपणाने. तू माझ्यासाठी निखाऱ्यावर चाललास रे, आणि मला जीभ आवरली नाही."

आत्याचे हात हवेतच राहिले. रुदी आईकडे बघत राहिला, मग बायकोकडे वळला.

"मग तू हो का म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं तर?" कोराली म्हणाली. "तू मला विचारलंस तरी का? नजरेनेच ठरवून मोकळा झालास."

 कोराली आपलं ताट उचलून परसात गेली आणि तिथे एकटीच जेवायला बसली. मार्लेनला वाटलं, पायाचे फोड महिन्याभरात बरे होतील. या पोरीच्या मनाला मी लावलेला चटका कशाने बरा होणार? ती कोरालीमागे गेली, पण दारातच थबकली. मग मागे फिरून तिने आपलंही ताट उचललं आणि ती परसात कोरालीशेजारी जाऊन बसली.